जावईबापूंचं टायमिंग

जावईबापूंनी खुर्ची ओढली, तिच्यावर स्वतः बसायचं सोडून वर्तमानपत्र ठेवलं आणि उभेच राहिले.

"या घरात बसायची सोय फक्त बातम्यांना आहे," ते म्हणाले.

समोरच्या ऐंशी खुर्च्यांमधून हशा उठला. चांगला, पोटातून आलेला हशा. तो वर चढत होता, अजून पुरता चढलाही नव्हता, तोच जावईबापूंनी पुढचं वाक्य टाकलं. ते वाक्य खरं तर जास्त विनोदी होतं. पण अर्ध्या लोकांनी ते ऐकलंच नाही, आणि त्यांनी शेजाऱ्याला "काय म्हणाले, काय म्हणाले?" असं विचारेपर्यंत तिसरं वाक्यही होऊन गेलं.

दहा मिनिटांत लोक शहाणे झाले. पुढचं ऐकू यावं म्हणून त्यांनी हसणंच आवरतं घेतलं. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर खुदखुदणाऱ्या बायकोला कोपराने ढोसून गप्प केलं. विनोदी मालिका बघायला आलेल्या माणसांनी एकमेकांना 'शू' करावं, याहून वाईट ते काय असणार?

"कट!" दिग्दर्शक म्हणाला. मग सेटवर येऊन हळूच म्हणाला, "जावईबापू, मस्त. फक्त मध्ये जरा श्वास घ्या ना."

"श्वास मी घरी घेतो."

कॅमेरावाले हसले. दिग्दर्शकही हसला, पण हसता हसता त्याने घड्याळ बघितलं.

जुनी मालिका बंद पडली तेव्हा हा दिग्दर्शक जेमतेम तीन वर्षांचा असेल. पण तोही त्यांना जावईबापूच म्हणे. सगळेच म्हणत. त्या मालिकेत त्यांनी अकरा वर्षं सासुरवाडीला ठाण मांडून बसलेला जावई केला होता, आणि तेव्हापासून बँकेतला कारकून असो की सुई टोचणारा डॉक्टर, "काय जावईबापू!" ठरलेलंच. खुद्द त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा घरातल्या जावयाला नावानेच हाक मारावी लागली. ते पद आधीच भरलेलं होतं.

आता वय त्र्याहत्तर, आणि सव्वीस वर्षांनी पुन्हा मालिकेत मुख्य भूमिका मिळाली होती. या खेपेला सासऱ्याची. मधल्या काळात काय केलं म्हणाल, तर दुकानांच्या फिती कापल्या, गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदन केलं, एका पंख्याच्या जाहिरातीत घाम पुसला. पण ऐंशी-शंभर माणसांचा हशा अंगावर येतो ते सुख वेगळंच. ते एकदा, मरायच्या आधी फक्त एकदा, परत मिळावं एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोजवळ त्यांनी ती बोलूनही दाखवली होती.

पहिले चार भाग प्रेक्षकांशिवाय झाले. हशा नंतर यंत्रातून भरायचा, अशी हल्लीची रीत. चारही भाग आपटले. तेव्हा जावईबापू वाहिनीच्या कचेरीत जाऊन म्हणाले होते, "यंत्राच्या हशावर मी काय कपाळ टायमिंग करणार? समोर माणसं बसवा, मग बघा." वाहिनीने कुरकुरत दोन भागांपुरती माणसं बसवली. सहाव्या भागानंतर मालिका ठेवायची की काढायची ते ठरणार होतं.

आणि आता माणसं समोर बसलेली होती. आता दोष द्यायला यंत्र नव्हतं.

दोन दिवसांनी एडिटरने त्यांना बोलावून घेतलं. ती पस्तिशीची बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, टेबलावर बिस्किटांचा उघडा पुडा. खोली एवढीशी, की दोघं बसल्यावर दार लावायला तिला उठावं लागलं.

"लहानपणी ताप आला की आई मला तुमची मालिका लावून द्यायची," ती म्हणाली. "निम्मा ताप तिथेच उतरायचा."

"उरलेला निम्मा जाहिरातींमुळे राहायचा," जावईबापू म्हणाले. तिचा 'उतरायचा' हा शेवटचा शब्द त्यात बुडाला. ते तिच्या लक्षात आलं, पण ती हसली.

"अडचण अशी आहे, की तुमच्या दोन वाक्यांमध्ये मला जागाच मिळत नाही. हशा ठेवायचा कुठे? म्हणून मी तुमचा जुना भाग काढलाय. म्हटलं, तेव्हा किती जागा असायची ते मोजू आणि तसंच कापू."

तिने पडद्यावर भाग लावला, आणि जावईबापू एकदम खुर्चीच्या टोकावर आले. काय तो चेहरा, काय ते केस! दर शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग असायचं. लाकडी बाकांवर माणसं दाटीवाटीने बसायची. नातेवाइकांना घेऊन, पोरांना मांडीवर घेऊन. दिव्यांनी सेट इतका तापायचा की भिंतीचा रंग बोटाला लागायचा. लेखक मागच्या दाराआड रुमाल चावत उभे राहायचे आणि पहिला हशा आला की तो रुमाल खिशात जायचा. ड्रेसदादा कोटाला इस्त्री करता करता स्वतःच संवाद म्हणायचे, तेही चुकीचे. रेकॉर्डिंग संपलं की सगळे सेटवरच्या खोट्या दिवाणखान्यात बसून खरा चहा प्यायचे. ते दिवस आठवले की जावईबापूंना आपण तेव्हा घरी कधी होतो हेच आठवत नसे.

"बघा," एडिटर म्हणाली. "इथे हशा सात सेकंद. तुम्ही थांबलात, आणि बरोबर ओसरताना बोललात. इथे चार. आणि इथे नऊ! नऊ सेकंद गप्प उभं राहायचं म्हणजे छाती लागते."

"त्यालाच टायमिंग म्हणतात, बाळ. ते शिकवून येत नाही."

पेन्सिल काढून तिने पुन्हा केसांत खोचली.

"एक विचारू? रागावू नका." तिने आवाज बंद केला. "नुसतं बघा."

पडद्यावर तरुण जावईबापू आणि त्यांच्या डावीकडे बाई. बाई म्हणजे मालिकेतली त्यांची बायको. सेटवर सगळे तिला बाईच म्हणत. जावईबापूंचं वाक्य झालं. पुढचं बोलायला तोंड उघडलं. बाईंची दोन बोटं कोटाच्या बाहीवर आली आणि बाही खाली ओढली गेली. तोंड मिटलं. जावईबापूंनी वैतागून तिच्याकडे बघितलं. बोटं तशीच. मग बोटं सुटली, आणि जावईबापू बोलले.

"हं, ती त्यांच्या पात्राची लकब," ते घाईने म्हणाले. "गरीब बायको, नवऱ्याची बाही धरणारी. लोकांना आवडायचं. मला राग यायचा. डावी बाही दर महिन्याला बोटभर लांब व्हायची. ड्रेसदादा माझ्या नावाने शंख करायचे."

एडिटरने दुसरी जागा लावली. तोंड उघडलं, बोटं आली. तिसरी. चौथी. एका भागात अकरा वेळा. नऊ सेकंदांच्या जागी तर बाईंनी बाही मुठीत धरली होती.

"आणि हा शेवटच्या वर्षातला," ती अगदी हळू म्हणाली. "यात बाई नाहीत."

त्या भागात जावईबापू तेवढेच तरुण होते, संवाद तसेच खुसखुशीत होते. पण एका हशावर दुसरं वाक्य, दुसऱ्यावर तिसरं. थेट परवासारखं.

"पहिला लावा परत," जावईबापू म्हणाले.

तो त्यांनी सहा वेळा बघितला. चौथ्या वेळेपासून ते स्वतःकडे बघतच नव्हते.

घरी बायको खिडकीपाशी बसून रेडिओचं झाकण उघडून आत फुंकर मारत होती. जावईबापू बूट न काढताच तिच्यासमोर बसले.

"तुला माहीत होतं? बाई माझी बाही धरायच्या, ते मला थांबवायला?"

"हो. मला तर पहिल्याच..."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बघा! आत्तासुद्धा." तिने रेडिओ बाजूला ठेवला. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली, एक वाक्य धड पुरं करू दिलेलं नाहीत. लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं मी, हा माणूस कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही. आणि टीव्हीवर बघते तर काय, नऊ नऊ सेकंद तोंडात मिठाची गुळणी! म्हटलं, ही बाई कोण जादूगार आहे, जरा मलाही शिकव."

"मग सांगायचंस ना मला."

"सांगत होते. तुम्ही मध्येच बोललात."

एरवी या वाक्यावर ते हसले असते. आता खाली वाकून बूट काढू लागले. दहाव्या वर्षी बाईंनी एकच गोष्ट मागितली होती: सुरुवातीच्या पाटीवर जावईबापूंच्या नावासोबत आपलंही नाव यावं. पैसे नाहीत, मोठी खोली नाही, फक्त नाव. निर्मात्याने जावईबापूंना विचारलं आणि जावईबापू सगळ्यांदेखत म्हणाले होते, "नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला." बाईंनी तक्रार केली नाही. हातातले भाग पुरे केले आणि गेल्या. त्यानंतर नऊ महिन्यांत मालिका गुंडाळावी लागली. सगळ्यांनी लेखकाला दोष दिला. सगळ्यांत आधी जावईबापूंनी.

"जाऊन या," बायको म्हणाली.

"सव्वीस वर्षांनी? कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

दार बाईंच्या भाचीने उघडलं. क्षणभर तिने बघितलं, आणि वळून आत ओरडली, "आत्या, तुझा टीव्हीतला नवरा आलाय गं!"

बाई पलंगावर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. केस पूर्ण पांढरे, चेहरा बारीक झालेला, पण मान तशीच ताठ.

"या," त्या म्हणाल्या. काल भेटल्यासारख्या. "बसा. मोज्यांवर नका बसू."

जावईबापू मोजे सरकवून बसले. येताना रस्त्यात जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"नवी मालिका बघितलीत?"

"बघितली."

"कशी वा..."

"घाई करताय."

खालच्या रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी एक काळा मोजा उचलला, खिडकीकडे धरून बघितला आणि निळ्यांच्या ढिगात टाकला.

"बाई, तुम्ही मला धरून ठेवायचात."

"पहिल्या भागात तुम्ही एकूण एक हशा तुडवलात. लेखक मागे उभे होते, अगदी रडकुंडीला आले होते बिचारे. दुसऱ्या भागाला म्हटलं, धरून तर बघू."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या हाताकडे बघत बसला असतात. मग लोकांनाही दिसलं असतं."

"पण सोडायचं कधी, ते तुम्हाला कसं कळायचं?"

"ऐकायचे की! तुमचं लक्ष पुढच्या वाक्यात, माझं लोकांत. मला वाक्यं तरी किती होती? 'अहो' आणि 'ऐका ना'."

जावईबापू हसले. मग त्यांना हसवेना.

"त्या पाटीच्या वेळी तरी सांगायचंत. तेव्हा सांगितलं असतंत तर मी..." ते थांबले. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. "तर मी विश्वास ठेवला नसता."

"तेच." बाई जोडीची घडी घालत राहिल्या. "वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? नाव नाही आलं त्याचं एवढं नाही. ते मोती-बिती म्हणालात ते लागलं. मग मालिका बंद पडली, तेव्हा वाटलं, आता याचा फोन येईल. वर्षभर वाटत होतं. नंतर म्हटलं, जाऊ दे."

"चुकलं माझं, बाई. फार चुकलं."

"हो," बाई म्हणाल्या.

भाचीने चहा आणून ठेवला. जावईबापूंनी कप उचलला आणि परत ठेवला.

"सोमवारी शेवटचं रेकॉर्डिंग आहे. त्यावर सगळं ठरणार. तुम्ही याल? नुसत्या शेजारी उभ्या राहा."

बाईंनी उजवा हात पुढे केला. हात आपला आपण थरथरत होता, थांबत नव्हता.

"हा आता माझंच ऐकत नाही, तुम्हाला काय थांबवणार? आणि हात धड असता तरी आले नसते. दहा वर्षं केलं. पुरे झालं की." मग त्यांनी मोज्यांचा ढीग त्यांच्याकडे सरकवला. "हे लावा जरा. मला काळं-निळं कळत नाही हल्ली."

दोघं तासभर मोजे लावत बसले. ड्रेसदादांचे चुकीचे संवाद आठवले. एकदा सेटवरचं खोटं दार खरंच अडकलं आणि सासूबाईंना खिडकीतून बाहेर काढावं लागलं ते आठवलं. बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. जावईबापूंनी त्यांना मध्येच चार वेळा तोडलं. त्यातल्या दोन वेळा ते त्यांचं त्यांना कळलं.

सोमवारी त्यांनी मनातल्या मनात आकडे मोजून बघितले. चारपर्यंत थांबले तर संवाद विसरले. संवाद आठवला तर आकडे राहिले. लोक सभ्यपणे हसत होते. दुपारी दिग्दर्शक मेकअपच्या खोलीत आला आणि दाराशीच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"वाहिनीचा निरोप आला," तो म्हणाला. "भाग पुरा व्हायचीही वाट बघितली नाही त्यांनी. आजचा शेवटचा."

"अरे, तू कशाला तोंड पाडतोस? तुझं लग्न व्हायचंय, माझी सासुरवाडी सुटलीय," जावईबापू म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तो गेल्यावर त्यांनी आरशासमोर बसून स्वतःच्याच हाताने चेहऱ्यावरचा रंग पुन्हा एकदा सारखा केला. इच्छा एकच होती, आणि ती राहिली ती राहिलीच.

शेवटचं दृश्य संपल्यावर वाहिनीच्या अधिकारीणबाई केक घेऊन सेटवर आल्या. कॅमेरे चालूच ठेवले होते. अधिकारीणबाईंचं भाषण लहान होतं आणि चांगलं होतं. "मालिका येतात, जातात," त्या म्हणाल्या, "पण टायमिंगचा बादशहा एकच!" ऐंशी माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. माइक जावईबापूंच्या हातात आला.

बाकी सगळं गेलं होतं. ही एवढी एक पदवी उरली होती, ती घेऊन घरी गेले असते तर कुणी काही म्हणणार नव्हतं. अंधाराच्या कडेला एडिटर उभी होती. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

"ते टायमिंग माझं नव्हतं," जावईबापू म्हणाले. "बाईंचं होतं."

हशा फुटला. असा हशा त्यांनी सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता. लोकांना वाटलं, म्हातारा अजून बायकोच्या नावाने विनोद करतोय. कॅमेरावाले हसले, अधिकारीणबाई केकचा चाकू हातात धरून हसल्या, तिसऱ्या रांगेत कुणीतरी मांडीवर थाप मारली. हशा चढत गेला, छतापर्यंत गेला आणि पुन्हा जावईबापूंच्या अंगावर आला. हेच तर हवं होतं त्यांना. पुढचं वाक्य जिभेवर येऊन उभं होतं, आणि तेही आत्ताच टाकलं असतं तर अजून मोठा हशा पिकला असता.

त्यांनी ओठ मिटले.

हशा ओसरायला लागला. ते थांबले. डावीकडून पुन्हा एक लाट आली, तीही त्यांनी जाऊ दिली. कुणी खोकलं. कुणी डोळे पुसले. एका मुलीला हसू आवरेना, तिचंही हसणं संपेपर्यंत ते थांबले. कुणी शेजाऱ्याला काही विचारत नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि माणसं गप्प होत जातात तो आवाज जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकत होते.

मग त्यांनी बाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दहा वर्षं बाईंनी काय केलं ते सांगितलं. पाटीवर ते नाव का आलं नाही, ते कुणामुळे आलं नाही, आणि आपण तेव्हा काय बोललो, तेही सांगितलं.

या वेळी कोणी हसलं नाही. दिग्दर्शकाने कट म्हटलं नाही. अधिकारीणबाईंनी चाकू खाली ठेवला.

शेवटच्या रांगेतल्या एका आजींनी बसल्या जागेवरून विचारलं, "त्या आहेत का हो अजून?"

"आहेत की," जावईबापू म्हणाले. "इथून बसने वीस मिनिटं."